कुणाचं तरी माणूस

बुटाची लेस सुटली म्हणून मी बसले, एवढंच झालं होतं. कऱ्हेच्या काठचं एक लहानसं गाव, गावाबाहेर महादेवाचं जुनं दगडी देऊळ, जानेवारीतलं कोवळं ऊन, आणि देवळाच्या मागे बाभळीखाली आठ-दहा दगड आडवेतिडवे पडलेले. त्यातला एक अगदी बाकासारखा होता, गुडघ्याएवढा उंच, वरून जरा गुळगुळीत. मी टेकले, पाय वर घेतला आणि लेस बांधायला लागले. तेवढ्यात देवळाच्या कडेने एक आजी आल्या, हातात तांब्या, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि अजिबात न रागावता म्हणाल्या, "ऊठ बाळा, तिथं नको बसू. कुणाचं तरी माणूस हाय ते."

मी चटका बसल्यासारखी उठले. आधी वाटलं खाली कुणाला पुरलंय की काय. मावसभाऊ दहा पावलांवर देवळाच्या खांबांचे फोटो काढत होता, तोही आला. आजींनी तांब्यातलं उरलेलं पाणी, महादेवाला घालून राहिलेलं असावं, त्या दगडावर ओतलं. आणि जो दगड इतका वेळ नुसता राखाडी खडबडीत दगड होता त्याच्यावर एकेक गोष्ट वर यायला लागली, फोटो धुताना कागदावर चित्र उमटायचं ना तसं. आधी ढाल दिसली. मग ढालीमागचा माणूस, केसांचा मागे बांधलेला बुचडा, उगारलेला हात. त्याच्या समोर दोघं. आणि त्यांच्या डोक्यावरच्या बाजूला एका ओळीत गाई, मी मोजल्या, पाच होत्या, प्रत्येकीची शेपटी वेगळी वळवलेली, शेवटचीने मान मागे वळवून बघितलेलं. सगळ्यात खाली तोच माणूस आडवा. मी बसले होते ते दगडाच्या वरच्या टोकावर, तिथे चंद्र आणि सूर्य कोरलेले होते. वीरगळ होता तो, लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. मी तोवर वीरगळ पुस्तकात बघितले होते, म्युझियममध्ये बघितले होते, व्यवस्थित उभे केलेले आणि खाली पाटी लावलेले, त्यामुळे बाभळीखाली आडवा पडलेला मला ओळखताच आला नाही.

"तुमचं कोण लागतं का आजी?" मी विचारलं.

"आमचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आमचं कसं आसंल, आम्ही पलीकडच्या गावचं. पर कुणाचं तरी आसंल का न्हाई? सासू सांगायची, तिथं पाय लावायचा न्हाई, तिथं सांजंचं थांबायचं न्हाई." आणि त्या तांब्या घेऊन निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर मी गाडीत फारसं बोलले नाही. दिवेघाटात ट्रॅफिक लागलं, खाली मस्तानी तलाव संध्याकाळच्या उन्हात चमकत होता, भाऊ काहीतरी सांगत होता आणि माझ्या डोक्यात तेच एक वाक्य. कुणाचं तरी माणूस. भूत नाही म्हणाल्या त्या, देव पण नाही म्हणाल्या.

आम्ही दोघं साधारण दोन वर्षांपासून रविवारी असे बाहेर पडतोय. सुरुवात कशी झाली ते खरं सांगायचं तर इतिहासाच्या ओढीने वगैरे झाली नव्हती. कुणीतरी ग्रुपवर पुण्याजवळच्या भुताटकीच्या जागांची यादी टाकली होती, ती वाचून आम्हाला वाटलं की यातल्या अर्ध्या जागा आपण कधी बघितल्याच नाहीत, चला जाऊया. शिरशिरी हवी होती. आठवडाभर स्क्रीनसमोर बसल्यावर काहीतरी हवं असतं ज्याने अंगावर काटा येईल. पण झालं असं की प्रत्येक जागी गेल्यावर भुताची गोष्ट पाच मिनिटांत संपायची आणि मग बाकीचा दिवस आम्ही नुसतं बघत बसायचो, दगडांकडे, पाण्याकडे, कोपऱ्यातल्या दिव्याकडे, आणि घरी आल्यावर मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत वाचत बसायचे. यादी कधीच बाजूला पडली.

शनिवारवाड्याचंच घ्या. अमावस्येच्या रात्री 'काका मला वाचवा' ऐकू येतं, हे पुण्यातल्या प्रत्येक पोराला चौथीच्या आधी माहीत असतं. मलाही होतं. लहानपणी वाड्यावरून रात्री जायची वेळ आली तर मी बाबांचा शर्ट मागून घट्ट धरायचे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, नारायणराव अवघा १८ वर्षांचा, हे सगळं नंतर कळलं. पण त्या दिवशी त्याला वाचवायला त्याच्या अंगावर आडवा पडलेला एक माणूस होता, चापाजी टिळेकर, त्याचा सेवक, आणि गारद्यांनी त्यालाही तिथेच कापलं, हे मला फार उशिरा, मोठी झाल्यावर कळलं. वाड्यातल्या दासीसुद्धा मारल्या गेल्या त्या दिवशी. मी तो मजकूर वाचला आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले. अडीचशे वर्षं या शहराला एकाच माणसाची किंकाळी ऐकू येतेय. चापाजी ओरडला नसेल का? त्या बायका ओरडल्या नसतील? पण त्यांचं भूत नाही. म्हणजे भूत व्हायलासुद्धा माणूस मोठा असावा लागतो की काय, असा विचार तेव्हा मनात आला आणि तो काही अजून गेलेला नाही.

बाहुलीच्या हौदाबद्दलही माझं असंच झालं. मी शाळेत जायचे त्या वाटेवर होता तो, फरासखान्याच्या कोपऱ्यावर. म्हणजे होता म्हणायचं, कारण दुकानं, पार्क केलेल्या स्कूटर आणि दगडूशेठला निघालेली गर्दी यात त्याच्याकडे कोण बघतंय. मला मात्र त्या नावाची भीती वाटायची. हौद आणि बाहुली हे दोन शब्द एकत्र आले की माझ्या डोळ्यासमोर काळ्या पाण्यावर पालथी तरंगणारी बाहुली यायची आणि मी त्या कोपऱ्यावर पावलं भरभर टाकायचे. आईला विचारलं तर ती म्हणायची अगं नुसता हौद आहे, जुन्या काळी पाणी भरायचे तिथे. पस्तिशीत आल्यावर मला कळलं की तो डॉ. विश्राम रामजी घोले यांनी त्यांच्या मुलीच्या आठवणीसाठी बांधला. घोले रोड ज्यांच्या नावाचा आहे ते घोले. काशीबाई तिचं नाव. त्यांनी तिला शिकवायचं ठरवलं, लोकांना ते खपलं नाही, आणि असं सांगतात की कुणीतरी तिला लाडवातून काच कुटून खायला घातली. लहान मुलगी होती ती. मग घोल्यांनी तिच्या नावाने हौद बांधला आणि तो सगळ्या जातींच्या लोकांना खुला ठेवला, त्या काळात, पुण्याच्या पेठेत. त्यावर बाहुलीसारखी मूर्ती होती म्हणून बाहुलीचा हौद.

मी ज्या कोपऱ्यावरून पळत जायचे तिथे ती होती. माझ्याच वयाची, दप्तराच्या वयाची. हे कळल्यावर मी मुद्दाम एकदा दुपारी तिथे जाऊन उभी राहिले, कुणी बघत नाही असं बघून भिंतीला हात लावला. भीतीबिती काही वाटली नाही, उलट घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं आणि समोरच्या दुकानातला माणूस काय पाहिजे म्हणून विचारायला लागला तेव्हा मला बोलताच आलं नाही.

आणि त्या हौदात पाणी कुठून यायचं? कात्रजहून. हे सगळ्यांना ढोबळ माहीत असतं, नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ आणला. पण नळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाइप येतो. तो पाइप नाहीये, ते अक्षरशः भुयार आहे, दगडचुन्यात बांधलेलं, माणूस आतून उभा चालत जाईल एवढं, कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत साधारण आठ किलोमीटर, आणि पंप नाही काही नाही, नुसत्या उतारावर पाणी शहरात यायचं आणि हौदाहौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, साततोटीचा हौद, नावंच बघा ना. मध्ये मध्ये त्या भुयाराला वर तोंडं ठेवलेली होती, हवा खेळावी, गाळ खाली बसावा, कुणाला उतरून साफ करता यावं म्हणून. त्यांना उच्छ्वास म्हणतात. मला हा शब्द पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो स्वतःशीच चार-पाच वेळा म्हणून बघितला. एवढं मोठं शहर, वर लक्ष्मी रोडची साडीखरेदी चालू आहे, कुणी भेळ खातंय, आणि पायाखाली अंधारात एक लांबच लांब छाती आहे जी ठराविक अंतरावर श्वास सोडते.

एका ओळखीच्यांच्या जुन्या वाड्यात, आता तो वाडा पाडला, अंगणात एक दगडी झाकण होतं. लहानपणी आम्ही पोरं त्याला कान लावायचो. आत खूप खाली पाण्याचा आवाज यायचा, आणि उन्हाळ्यात दगड बाकी सगळा तापलेला असताना त्या फटीतून गालावर गार हवा लागायची, जरा कुबट, मातीच्या नव्या माठासारख्या वासाची. मोठी माणसं म्हणायची तिथे जाऊ नका, आत बाई आहे, ती पाय ओढते. आता कळतं की आत पोरगं पडू नये म्हणून ती बाई होती. २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात भुयार लागलं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा, सिंहगडापर्यंत जातं, खजिना आहे, पेशव्यांची पळवाट आहे. पाण्याचं असेल असं कुणी म्हटलं की सगळ्यांचा उत्साह गळायचा. मला तर पाण्याचंच असावं असं वाटत होतं. ते भुयार कुणीतरी कुदळीने खणलं असेल ना, आठ किलोमीटर, दिवट्यांच्या उजेडात, उतार एक बोटभर न चुकवता. त्यातल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही, आणि लहानपणी ज्या बाईला आम्ही घाबरायचो तिला निदान एक गोष्ट तरी होती.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती माझ्या माहेरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि मी तो चाळिशीत पहिल्यांदा बघितला. याची मला अजून चुटपुट लागते. गल्लीत इमारतींच्या मध्ये दबून बसलेलं ते देऊळ, आणि दारावर असं कोरीव काम की पुण्यात कुठे दुसरं नाही. १७५४ ला भीमगीर गोसाव्यांनी काम सुरू केलं, १७७० ला पूर्ण झालं. आतला गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला, गर्भगृहाच्या भिंतीवर शिलालेख, संस्कृतात आहेत आणि एक फारसीतला. पण मी अडकले ती बाहेरच, दारापाशी. तिथे एक गेंडा कोरलाय आणि गोरे शिपाई त्याला साखळदंडाने बांधतायत. गेंडा! सोमवार पेठेत! जाणकार म्हणतात की १७५७ च्या प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल घशात घातला त्याचं ते चित्र आहे. म्हणजे ज्या पाथरवटाने कदाचित जन्मात गेंडा बघितला नसेल, त्याला कुणीतरी येऊन पूर्वेकडची ती बातमी सांगितली असेल, आणि त्याने ती दगडात घातली, पुण्यावर इंग्रजांचा झेंडा लागायला अजून पन्नास-साठ वर्षं होती तेव्हा. गेंड्याची पाठ मी बराच वेळ बघत होते. जाड कातडीच्या घड्या त्याने चिलखताच्या पट्ट्यांसारख्या काढल्यात.

देवळाखाली तळघर आहे. एरवी तिथे पाणी असतं, गुरुपौर्णिमेला ते उपसून काढतात आणि गोसाव्यांच्या समाधीचं दर्शन लोकांना घेता येतं. आम्ही गेलो त्या दिवशी पाऊस होता. खाली उतरताना भिंत हाताला बुळबुळीत लागते, पायाखाली घोट्याएवढं गार पाणी राहिलेलंच असतं, वर माणसांचा आवाज असतो आणि चार पायऱ्या उतरलं की तो एकदम दुसऱ्या घरातून आल्यासारखा वाटायला लागतो. उदबत्तीचा धूर वर न जाता तिथेच रेंगाळत होता. माझ्या पुढे एक बाई कडेवर बाळ घेऊन उतरत होत्या आणि ते बाळ अजिबात रडत नव्हतं, टक लावून अंधाराकडे बघत होतं. मला भीती वाटली का? वाटली. पण ती छान होती, देवाच्या दारातली. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस तो माणूस पाण्याखाली असतो आणि एक दिवस शहर त्याला भेटायला खाली उतरतं, यात मला भयंकर असं काही दिसेना. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत सणाला जातो ना आपण, तसं काहीतरी.

भुलेश्वरला मात्र मी खरंच घाबरले होते. यवतजवळ डोंगरावर, यादवांच्या काळातलं देऊळ, आता बरेच लोक जातात पण आम्ही गेलो तो मंगळवार होता आणि पुजाऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. आत शिरलं की पहिली दोन-तीन मिनिटं डोळ्यांना काही दिसतच नाही. मग हळूहळू भिंतीतून बायका बाहेर यायला लागतात, आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी, बऱ्याच जणींची नाकं हात तुटलेले. वर एका कोपऱ्यात वैनायकी, म्हणजे बाईच्या रूपातला गणपती. पिंडीच्या खळग्यात पेढे ठेवले की त्यातले कमी होतात म्हणतात, पुजाऱ्यांनी आमच्या देखत पेढ्यांचं ताट आत ठेवलं, मी मोजले नाहीत, मोजावेसे वाटले नाहीत. ज्या टेकडीवर हे देऊळ आहे तिथे दौलतमंगळ नावाचा किल्ला होता, आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने बांधलेला. तोच मुरार जगदेव ज्याने १६३० च्या सुमारास पुणं जाळलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. सोन्याच्या नांगराचं पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र तिथल्या बुरुजाच्या पडक्या दगडांवर उभी राहून खाली पुण्याच्या दिशेला बघत होते आणि त्या जळण्याचा विचार करत होते. कसब्यात तेव्हा किती घरं असतील, कुणाच्या गोठ्यात गाय बांधलेली राहिली असेल, कोण कुणाला उचलून पळालं असेल. घाबरले ती तेव्हा. मूर्तींना नाही घाबरले, मी रोज ज्या रस्त्यावर भाजी घेते तोच डोळ्यासमोर आला म्हणून घाबरले.

मे महिन्यात आम्ही कांबऱ्याला गेलो, भोरकडे. भाटघर धरणाचं पाणी उतरलं की वेळवंडीच्या पात्रात कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, वर्षातले थोडेच दिवस. देवळापर्यंत जायला गाळ तुडवावा लागतो, वरून वाळून तडकलेला आणि खाली ओला, पाय टाकला की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. दगडांवर शेवाळाचा वाळलेला हिरवट पापुद्रा, वास असा की मासळी आणि ओली पाटी दोन्ही आठवावं. सगळे देवळाचेच फोटो काढत होते, आम्हीही काढले. पण जरा पुढे पाण्याच्या कडेला दगडांची एक चौकोनी ओळ दिसत होती, कुणाच्या तरी घराचं जोतं असावं. एक उंबरठ्याचा वाटावा असा लांब दगड होता. मी तो ओलांडताना आपोआप उजवा पाय आधी टाकला. भाऊ म्हणाला काय गं, मी म्हटलं काही नाही.

अशा ठिकाणी आता रात्री कॅमेरे घेऊन जाणारी पोरं खूप झालीत, ओरडतात, कुजबुजतात, काहीतरी हललं म्हणून पळत सुटतात. मला आधी त्यांचा राग यायचा. आता तितका येत नाही, कारण मीही शिरशिरी शोधतच निघाले होते आणि त्यातूनच इथवर आले. पण एक गोष्ट खुपते. त्यांना जे हवं असतं ते कुणाचंही चालतं. गोष्टीतली बाई कोण, तिचं गाव कोणतं, ती कशाने गेली, याची गरजच पडत नाही. आणि आजींच्या सासूने सांगितलेली भीती नेमकी उलटी होती. तिथे पाय लावू नको, सांजेचं थांबू नको, एवढंच, पण त्याच्या पोटात एक माणूस होता. नाव हरवलं, कुळ हरवलं, कोणत्या गाई कुणी पळवल्या होत्या ते हरवलं, तरी आठशे-नऊशे वर्षं बायका एकमेकींना सांगत आल्या की तिथे कुणीतरी आहे, जपून. हे मला कोणत्याही शिलालेखापेक्षा मोठं वाटतं, आणि खरं तर अशा बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसतं.

त्या बाभळीखाली अजून एक दगड होता, तो मी दुसऱ्या फेरीत नीट बघितला. सतीशिळा. कोपरातून वाकलेला एक हात, पंजा वर केलेला, मनगटात बांगड्या. बांगड्यांच्या कडा झिजून एक झाल्या होत्या पण बोटं अजून वेगळी दिसत होती, अंगठा जरासा बाहेर. कुणीतरी कुंकू लावलेलं होतं, ताजं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला नमस्कार करता येईना. हात जोडावे तर जे झालं त्याला हात जोडल्यासारखं होतं, आणि न जोडावे तर तिला तसंच टाकून आल्यासारखं. शेवटी मी नुसता माझा तळहात तिच्या तळहातावर ठेवला. लहान होता तो, माझ्या बोटांची पेरं वर उरली. दगड उन्हाने कोमट झाला होता. अजूनही कधी भांडी घासताना मधेच तो कोमटपणा हाताला आठवतो.

गावाचं नाव मी लिहीत नाहीये, बऱ्याच जणांनी विचारलं तरी. तिथे जायला नको असं नाही, पण तुम्ही कऱ्हेच्या काठाने पुरंदर, बारामतीकडे कुठेही जा, प्रत्येक दोन गावांआड देवळामागे असे दगड आहेत, पारावर, विहिरीच्या कडेला, कधी गोठ्याच्या भिंतीत. मोरगावच्या पुढे लोणी भापकरला तर पुष्करणी आहे, वीरगळ आहेत, आणि यज्ञवराह आहे, अख्खा वराह, अंगभर ओळीने बारीक बारीक विष्णूमूर्ती कोरलेला. त्या वराहाच्या पाठीवरून हात फिरवला की बोटांखाली देव लागत राहतात.

या जानेवारीत आम्ही परत गेलो. बाभूळ तोडली होती. देवळाला नवीन सभामंडप झाला होता, लोखंडी पत्र्याचा, आणि मागची सगळी जागा साफ करून कुंपणाची भिंत घातली होती. माझा जीव वरखाली झाला, वाटलं गेले दगड, कुठल्या तरी बांधकामाच्या पायात गेले. पण नव्हते गेले. गावातल्या पोरांनी ते सगळे उचलून भिंतीला लागून एका ओळीत उभे केले होते आणि खाली सिमेंट घालून पक्के केले होते. व्यवस्थित, सरळ, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. प्रत्येकाच्या कपाळावर शेंदराचा ठिपका. खूप बरं वाटलं. जवळ गेले तेव्हा कळलं की सिमेंट बरंच वरपर्यंत घेतलंय, एक-दीड फूट. वीरगळाची गोष्ट खालून वर जाते, तळाला लढाई आणि मरण, मधे अप्सरा त्याला वर नेतात, वर तो पिंडीसमोर हात जोडून बसलेला, आणि टोकाला चंद्रसूर्य. आता नुसतं वरचं राहिलं होतं. स्वर्ग होता. ढाल, बुचडा, गाई, आडवा पडलेला माणूस, सगळं सिमेंटमध्ये.

आजी सभामंडपात बसल्या होत्या. आता त्यांना दिसत नाही फारसं, मला त्यांनी ओळखलं नाही, ओळखायचं काही कारणही नव्हतं. मी शेजारी बसले, म्हटलं आजी, दगड छान उभे केले हो पोरांनी. त्या म्हणाल्या, "व्हय, आता बरं हाय. आता कुनी बसत न्हाई त्येच्यावं." आणि समाधानाने मान हलवली. मी सिमेंटचं काही बोलले नाही.

निघताना माझ्या बाटलीत थोडं पाणी उरलं होतं. मी जाऊन ते त्याच्या चंद्रसूर्यावर ओतलं. पाणी हळूहळू खाली उतरलं, पिंडीवरून, अप्सरांच्या हातांवरून, आणि सिमेंटच्या काठाशी येऊन थांबलं. तिथे, अगदी काठावर, नखाएवढं काहीतरी उठून दिसलं. शिंग होतं. पाचवीचं, जिने मान वर करून मागे बघितलं होतं तिचं.